उभं लाकूड, आडवं लाकूड

खुंटीकाकांच्या कामाच्या खोलीत आज एकही फळी उभी नाही. भिंतीलगत, खिडकीखाली, दारामागे, जे काही लाकूड आहे ते सगळं आडवं पडलेलं आहे. नव्या माणसाला त्यात काही वावगं दिसत नाही. ज्यांनी ही खोली पूर्वी पाहिली आहे, ते मात्र आत आल्या आल्या उजव्या हाताच्या भिंतीकडे बघतात आणि मग दुसऱ्याच विषयाला हात घालतात.

खुंटीकाका हे अर्थातच खरं नाव नव्हे. काकांचं उभं आयुष्य एका यंत्रांच्या कारखान्यात पेट्या ठोकण्यात गेलं. पेट्यांची जागा पुठ्ठ्याने आणि थर्माकोलने घेतली, तसे काका घरी बसले. बसणं त्यांना जमेना. मोडक्या पेटीच्या फळकुटातून त्यांनी पहिली वस्तू केली ती खुंटी. पण साधी नव्हे. भिंतीतून कुणीतरी कोपरात वाकवलेला हात बाहेर काढला आहे आणि त्यावर तुम्ही आपला टॉवेल टाकायचा, अशी. शेजाऱ्यांनी मागितली, शेजाऱ्यांच्या व्याह्यांनी मागितली, आणि नाव पडलं.

पुढे हात थांबला नाही. दार आपटू नये म्हणून खाली लावायचा अडसर त्यांनी केला तो दारात अडकलेल्या पावलाच्या आकाराचा. त्याला पाचही बोटं होती आणि करंगळीवर भोवरी. टीव्हीचा रिमोट सापडत नाही म्हणून घरात रोज वाद व्हायचा, तेव्हा त्याच्यासाठी उशीसकट वीतभर लांबीची खाट केली. एक स्टूल असं केलं, की त्यावर बसलेला माणूस कळत नकळत पुढे घसरत राहतो. ते नको असलेल्या पाहुण्यांसाठी. "सगळ्यात जास्त तेच खपतं," काकू सांगतात. "लोक घेऊन जातात आणि आमच्याकडे आल्यावर स्वतः मात्र खुर्ची मागतात."

लाकूड सगळं टाकाऊ. जुनी दारं, मोडलेल्या खाटा, पेट्या, दुकानांच्या मांडण्या. भंगारवाला टेम्पोतून आणून टाकायचा. अशा लाकडाचं पूर्वायुष्य कुणाला माहीत नसतं. त्याच्यावर काय सांडलं, काय फासलं, ते कुणी सांगत नाही. म्हणून काकांनी एक पद्धत ठेवली होती. प्रत्येक फळीचं एक टोक करवतीने कापायचं, ताज्या कापावर कोमट पाणी शिंपडायचं आणि थोडं थांबून वास घ्यायचा. लाकडाचाच वास आला तर फळी उजव्या भिंतीला उभी. दुसरा कसलाही वास, अगदी शंकेपुरता जरी आला, तरी फळी आडवी. उभं लाकूड तोंडाचं, आडवं लाकूड हाताचं. चमचे, वाडगे, मिठाच्या पेट्या उभ्या लाकडातून. खुंट्या, खाटा, पावलं आडव्या लाकडातून. एकदा आडवी झालेली फळी पुन्हा उभी होत नसे. कितीही देखणी असली तरी नाही.

मग एका हिवाळ्यात काकांना ताप आला. अंथरुणातून उठले तेव्हा अंगात ताकद होती, भूक होती, पण वास नव्हता. चहाचा नाही, साबणाचा नाही, लाकडाचा नाही. येईल हळूहळू, असं त्यांनी धरलं. काकूंना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काकूंनी पहिला प्रश्न कुठला विचारला असता हे त्यांना ठाऊक होतं. काम सुरू झालं. काका टोक कापत, पाणी शिंपडत, फळी नाकाशी धरत. आणि मग रंग बघून, वजन बघून, रेषा बघून ठरवत. हात इतकी वर्षं लाकडात होता. चुकणार नाही, असं त्यांना वाटलं.

निळसर रंगाची एक जुनी मांडणी भंगारवाल्याने आणली ती वसंतात. रंग खरवडल्यावर आत फिकट, घट्ट, नितळ लाकूड निघालं. त्याला कुठे एक भोक नाही. इतकं जुनं लाकूड आणि किडीने तोंड लावलेलं नाही, हे पाहून काका खूश झाले. त्यांनी वास घेतल्यासारखं केलं आणि फळ्या उभ्या केल्या.

जवळच्या पाळणाघराची मागणी होती. तिथल्या ताईंना मुलांसाठी लाकडी चमचे हवे होते. काकांनी प्रत्येक चमच्याच्या दांड्याच्या टोकाला वेगळा चेहरा कोरला, म्हणजे मुलांना आपापला ओळखता यावा. एक जांभई देणारा, एक जीभ काढणारा, एक गाल फुगवलेला. एकीचा खालचा ओठ पुढे काढलेला होता, तिचं नाव काकांनी रुसूबाई ठेवलं होतं. सकाळी चमचे पोचवून काका घरी आले, जेवले आणि खोलीत जाऊन कानशी पुसत बसले.

काकू भुसा गोळा करायला आल्या. त्या तो कुंड्यांत घालत. सुपली अर्धी भरली आणि त्या थांबल्या.

"काय हो, इथे फवारणी केलीत की काय?"

"कसली फवारणी?"

"मग हा वास कसला?"

काकांनी मान वर केली नाही. "तेलाचा असेल. चमच्यांना लावलं ना."

काकूंनी भुशातून मांडणीचा एक उरलेला तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला. मग तो काकांच्या नाकाखाली धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काकांच्या कपाळावर आठी पडली नाही, की मान मागे गेली नाही.

"तेलच आहे," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. तिथून विळीवर काहीतरी चिरल्याचा आवाज आला. परत आल्या त्या मूठ मिटून. "डोळे मिटा."

"आता हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना."

काकांनी डोळे मिटले. काकूंनी मूठ त्यांच्या नाकाशी नेली. "काय आहे?"

"कांदा," काका म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा काकूंच्या हातात अंगाच्या साबणाची वडी होती.

"म्हणजे परवा दूध करपलं, तुम्ही तिथेच पेपर वाचत बसला होतात..."

"हो."

"आणि लक्ष नव्हतं म्हणालात."

"हो."

"कधीपासून?"

"ताप आल्यापासून." मग काका उठले. "फोन कुठेय माझा?"

भंगारवाल्याने दुसऱ्या रिंगलाच उचलला. ती निळी मांडणी कुठली, असं काकांनी विचारलं.

"दुकानाची, काका."

"कसल्या दुकानाची?"

"बियाण्याच्या. खतं, फवारणीची औषधं, असलं सगळं. बंद पडून बरीच वर्षं झाली होती. का हो? कीड निघाली का?" तो हसला. "त्या लाकडाला सात जन्मांत कीड लागायची नाही."

पाळणाघराचा फोन लागेना. मुलं झोपलेली असताना ताई तो बंद ठेवत. काकांनी स्कूटरची चावी घेतली. काकू दारापर्यंत आल्या.

"हे बघा, एकदम काही सांगू नका. आरडाओरडा होईल. पॉलिश कच्चं राहिलंय म्हणा, चमचे घ्या आणि या. बाकीचं मग बघू."

काकांना ते पटलं. निदान रस्ताभर तरी पटत राहिलं. झोप झाली की मुलांना खायला देतात, हे त्यांना माहीत होतं. झोप केव्हा संपते, हे माहीत नव्हतं.

पाळणाघरात सतरंजीवर अर्धी मुलं उठून बसली होती, अर्धी डोळे चोळत होती. टेबलावर वाडगे मांडलेले होते आणि प्रत्येक वाडग्यात एकेक चमचा. ताई मोठ्या पातेल्यातून दूध ओतायच्या बेतात होत्या.

"अरे काका? एवढ्यात आठवण आली चमच्यांची?"

"थांबा जरा. ते... पॉलिश कच्चं राहिलंय. घेऊन जातो, नीट करून देतो."

"आत्ताच? अहो, भांडणं सोडवून कसेबसे वाटून झालेत. जीभवाल्यासाठी तर मारामारी झाली."

काका बोलता बोलता वाडग्यांतून चमचे उचलायला लागले होते. एका मुलाने आपला चमचा शर्टाच्या आत घातला आणि दोन्ही हात पोटावर दाबून धरले. दुसरी एक मुलगी "चोर आला, चोर आला" म्हणत टेबलाभोवती फिरू लागली. ताईंना हसू आवरेना. काकांनी गुडघ्यावर बसून त्या मुलाच्या शर्टातून चमचा काढला. मुलाने भोकाड पसरलं. काकांनी पिशवीतले चमचे एकदा पाहिले, पुन्हा पाहिले.

"रुसूबाई कुठेय?"

"ती घरी गेली. आमची एक अर्ध्या दिवसाची मुलगी आहे, तिने हातातून सोडलीच नाही. म्हटलं, जाऊ दे, दाखवेल घरी. उद्या आणेल."

"आज हवी होती."

"काका, एका दिवसाने काय होतंय? सकाळी तुम्हीच म्हणालात ना, तेल खायचंच आहे, पोटात गेलं तरी चालतं?"

म्हणाले होते. खोटं सोयीचं होतं, पण त्याने घाई करण्याचं कारणच काढून घेतलं होतं. कच्च्या पॉलिशसाठी कुणी कुणाच्या घरी धावत नाही. दारात दोन मुलांच्या आया येऊन उभ्या होत्या आणि चपला काढता काढता आतली गंमत बघत होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"ताई, पॉलिशचं मी खोटं बोललो. हे लाकूड फवारणीच्या औषधांच्या दुकानातलं आहे. त्यात विष मुरलेलं असू शकतं. मला आत्ता कळलं."

ताईंनी पातेलं खाली ठेवलं. दारातल्या एका बाईने पुढे येऊन आपल्या मुलाला उचललं आणि त्याची बोटं हुंगायला सुरुवात केली.

"तुम्ही तर वास घेऊन लाकूड निवडता," ताई म्हणाल्या. "मला केवढ्या कौतुकाने दाखवलं होतंत."

"घेत होतो."

पुढचा प्रश्न विचारायला वेळ नव्हता. ताईंनी वाडगे बाजूला केले, मुलांना हात धुवायला पिटाळलं आणि फोन लावला. मुलीची आई कामावर, तिचा फोन उचलला जात नव्हता. वडिलांनी उचलला. ताईंनी तीन वाक्यांत सांगितलं. ते तिकडून निघाले, पण त्यांचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. घरी आजोबा आणि ती मुलगी, दोघंच. आजोबांना फोन ऐकू येत नसे. पाळणाघर सोडून ताईंना जाता येईना. त्यांनी पत्ता सांगितला आणि एवढंच म्हणाल्या, "जा तुम्ही. आणि तिथे पॉलिश म्हणू नका."

दुसरा मजला. घंटा वाजत नव्हती. काकांनी दारावर थापा मारल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"कोण आहे?"

"मी चमचेवाला."

"आम्हाला चमचे नकोत."

"विकायला नाही, न्यायला आलोय. पाळणाघरातून आलोय. दार उघडा, आजोबा."

साखळी लावून दार चार बोटं उघडलं. फटीतून काकांना खोली दिसली, आणि जमिनीवर बसलेली तीनेक वर्षांची मुलगी दिसली. समोर रिकामी ताटली होती. रुसूबाईचं डोकं तिच्या तोंडात होतं आणि ती ते दाढेखाली धरून चघळत होती.

"तिच्या तोंडातून तो चमचा काढा. आधी तो काढा."

"रडवू नका हो तिला," आजोबा म्हणाले. "कधी नव्हे ते ताटलीभर भात खाल्लाय. या चमच्यानेच भरवायचा, असा हट्ट. मी म्हटलं, असेना."

"त्याला विष लागलेलं असेल, आजोबा."

आजोबांना ऐकू कमी येत असे, पण हे ऐकू आलं. साखळी निघायला फार वेळ लागला. काकांनी चमचा काढून घेतला. पुढे आलेल्या ओठावर बारीक दातांचे ठसे होते. मुलगी रडली, आणि काकांना ते बरंच वाटलं. मोठ्याने रडत होती, श्वास घेत होती. त्यांनी तिला नळाखाली नेऊन तोंड धुतलं, हात धुतले, चूळ भरायला लावली. ती पाणी थुंकण्याऐवजी गिळत होती. आजोबा मागे उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मला कुणी सांगितलं नाही, मला कुणी सांगितलं नाही."

दवाखाना मागच्या गल्लीत होता. काका मुलीला उचलून चालले, आजोबा एका पायात चप्पल आणि एका पायात सपात घालून मागून आले. डॉक्टरीणबाईंनी हातातला रुग्ण तसाच थांबवला. मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली, लाळ गळते का ते पाहिलं, चमचा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवला.

"औषधाचं नाव काय?"

"माहीत नाही."

"द्रव की भुकटी?"

"माहीत नाही. मांडणी होती. काय काय ठेवलं असेल..."

"म्हणजे काहीच माहीत नाही." त्यात राग नव्हता. त्या लिहून घेत होत्या. "आत्ता लक्षणं नाहीत. पण इथेच थांबा, मी पुन्हा बघणार. उलटी झाली, सुस्ती आली, घाम फुटला तर लगेच हाक मारा. झोपू देऊ नका तिला."

झोपू न देणं हे काम काकांकडे आलं, कारण आजोबा बाकावर बसले ते उठेचनात. काका मुलीला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. तिला जिना दाखवला, कुंडी दाखवली, भिंतीवरचं दातांचं चित्र दाखवलं. ती दर थोड्या वेळाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकायची, आणि प्रत्येक वेळी काकांना कळत नसे, की ही दुपारची झोप आहे की दुसरं काही.

"माझी लुसूबाई दे," ती म्हणाली.

"तिला बरं नाहीये."

"का?"

"मी चुकलो म्हणून."

एवढं तिला पुरलं. ती पुन्हा कुंडीकडे वळली.

काकांनी मध्येच फोन करून ताईंना आणि काकूंना दवाखान्याचं सांगितलं होतं, ताईंनी ते वडिलांना कळवलं. वडील आले ते धावतच. त्यांनी काकांकडे न बघता मुलीला घेतलं आणि सरळ आत गेले. दार बंद झालं. काका बाहेर उभे राहिले. आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं, नुसते डॉक्टरीणबाईंच्या आवाजाचे चढउतार कळत होते. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. काकू होत्या.

"पोरगी कशी आहे?"

"आत आहे. तपासतायत."

"ऐका. मी उभं होतं ते सगळं लाकूड कापून, पाणी मारून हुंगलं. नुसती निळी मांडणी नाहीये. आणखी दोन फळ्या आहेत. एकीला रॉकेलसारखा वास आहे, दुसरीचा ओळखता येत नाही, पण नाकाला झोंबतोय. दोन्ही अर्ध्या वापरलेल्या आहेत." काकू थांबल्या. "त्यांचं काय काय केलंत?"

काकांनी मान वळवली. दार उघडलं होतं. वडील मुलीला कडेवर घेऊन बाहेर आले होते. ती कसलीशी गोळी चघळत होती आणि पाय हलवत होती.

"ठीक आहे म्हणतायत," वडील म्हणाले. ते आजोबांना सांगत होते. "आज रात्री लक्ष ठेवायचं. लाकडात मुरलेलं होतं, वर नव्हतं, म्हणून वाचलो म्हणाल्या." आजोबांनी तोंडावर पंचा धरला. मग वडील काकांकडे वळले. चढा आवाज लावणाऱ्यांपैकी ते नव्हते. तो लावला असता तर काकांना सोपं गेलं असतं.

"ताई म्हणाल्या, तुम्ही वास घेऊन लाकूड निवडता."

"हो."

"मग याचा आला नाही?"

"मला वास येत नाही."

"आज?"

"हिवाळ्यापासून."

वडिलांनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि तुम्हाला हे माहीत होतं."

"माहीत होतं."

"तरी चमचे केलेत."

फोन अजून त्यांच्या हातात चालू होता आणि त्यातून काकूंचा बारीक आवाज येत होता, "अहो? ऐकताय ना?" वडिलांनाही तो ऐकू आला.

"कोण आहे?"

"मंडळी. आणखी दोन फळ्या तशाच निघाल्या म्हणते."

"त्यांच्या वस्तू कुठे आहेत?"

"लोकांच्या घरी."

"लहान मुलं आहेत त्या घरांत?"

काका आठवू लागले. हिवाळ्यापासून कुणी काय नेलं, ते त्यांना एकेक करून दिसत होतं. वाडगा एका नव्या जोडप्याने नेला होता. ढवळायचा लांब डाव कोपऱ्यावरच्या शिंपिणीने. मिठाची पेटी एका बाईंनी, आणि त्या बाईंचे तेव्हा दिवस भरत आले होते.

"एका घरी असेल आता," ते म्हणाले.

"मग तिथून सुरू करा," वडील म्हणाले, आणि त्यांनी बाकावरची आजोबांच्या शेजारची जागा दाखवली. ते स्वतः गेले नाहीत. मुलीला घेऊन समोर उभे राहिले.

पुढचे काही आठवडे काका दारोदार फिरून आपल्याच वस्तू परत मागत होते. पाळणाघराकडून पुन्हा मागणी आली नाही. काही घरांनी वस्तू दिल्या आणि चहा पाजला, काहींनी वस्तू दिल्या आणि दार लावून घेतलं. मी हुंगत जाईन, तुम्ही करत जा, असं काकूंनी सुचवलं होतं. काका नको म्हणाले आणि उजवी भिंत रिकामी केली. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी काकांनी काकूंचा फोन ठेवला, बाकावर बसले आणि नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. मागे तान्हं मूल रडत होतं.

"मी खुंटी बोलतोय," काका म्हणाले. "तुमच्या ओट्यावर माझी मिठाची पेटी आहे. ती आधी उचलून घराबाहेर ठेवा. मी थांबतो. ठेवलीत की मग सांगतो."